बँकॉकला राहायला जाताय? थाई पहिल्या आठवड्यापासूनच शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याची बदली बँकॉकला झाली आहे, दीड महिन्याने पुण्याहून तिघं निघणार आहेत, मुलगी पहिलीत आहे, घर शाकाहारी आहे. ऑफिसात आणि शाळेत इंग्रजी चालेल असं सगळे सांगतात, मग थाई शिकायची खरंच गरज आहे का? शिकायची तर आधी बोलणं की आधी लिपी? आणि वेळ किती लागतो?

मी बँकॉकमध्ये बरीच वर्षं राहते आणि नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांना थाई शिकवते. त्यांत मराठी घरं पुष्कळ असतात. माझं उत्तर सरळ आहे: शिका, आणि "आधी बस्तान बसू दे, मग भाषेचं बघू" असं ठरवू नका. बस्तान बसण्याचं निम्मं काम भाषाच करते.

सुखुमवित रस्त्यावरच्या मॉलमध्ये, इंटरनॅशनल शाळेत, मोठ्या खाजगी हॉस्पिटलात इंग्रजीवर भागतं, हे खरं आहे. पण दिवसभर गाठ पडते ती वेगळ्या माणसांशी. इमारतीच्या दारावर बसलेला रखवालदार, ज्याला इथे याम म्हणतात. कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटांच्या इमारतीच्या, ऑफिसातल्या बाई. त्या ऑफिसाला सगळे नुसतं "निती" म्हणतात आणि नळ गळण्यापासून पार्सलपर्यंत सगळं तिथेच जातं. सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी नारिंगी जाकिटं घालून बसलेले मोटरसायकल टॅक्सीवाले. कोपऱ्यावर कढई लावून बसलेल्या मावशी. यांच्याशी इंग्रजीत दोन-चार शब्दांपलीकडे बोलणं होत नाही. नोकरीवर आलेल्याला ऑफिस असतं, मुलीला शाळा असते. घर सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र दिवसाचे आठ-दहा तास ही गल्लीच असते. म्हणून तिघांत थाईची सर्वांत जास्त गरज तुम्हाला आहे, आणि क्लासच्या पैशांवर पहिला हक्कही तुमचा आहे. नवऱ्याला हे आत्ताच सांगून ठेवा.

आता लिपी की बोलणं. दोन्ही एकदम सुरू करा आणि रोमन लिपीतलं थाई वहीत येऊच देऊ नका. रस्त्यांच्या पाट्यांवर रोमन अक्षरांची जी सरकारी पद्धत असते ती पर्यटकाला जागा सापडावी एवढ्यापुरती ठीक आहे. तिच्यात सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारा आवाजाचा चढउतार, दाखवत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, च आणि छ एकाच पद्धतीने लिहितात, ओ आणि ऑ एकाच अक्षराने. आपल्या हाताशी देवनागरी आहे, ती वापरा. थाईत क आणि ख, त आणि थ, प आणि फ, च आणि छ बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो. अंडं म्हणजे खाइ, कोंबडी म्हणजे काइ. दोन्हींचा सूर एकच, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना हा फरक कानाला कळायलाच बरेच दिवस लागतात. मराठी विद्यार्थ्याला तो पहिल्या तासाला कळतो, आणि शाकाहारी माणसाला तर तो कळायलाच हवा. शिवाय ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेत: आई म्हणजे मॅ, बाबा म्हणजे फॉ.

आपण अडतो त्या जागाही ठरलेल्या आहेत. पहिली फ ची. शहरात वाढलेली आपली बहुतेक माणसं फळ, फूल म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात. थाईत दोन्ही फ आहेत आणि ते वेगळे आहेत: ओठ मिटून म्हटलेलं फन म्हणजे हजार, दात लावून म्हटलेलं फन म्हणजे दात. जुन्या माणसांसारखा ओठांतला फ पुन्हा बसवावा लागतो. दुसरी जागा ङ ची. आपण तो क किंवा ग च्या आधी सहज म्हणतो, पण इथे शब्दच त्याच्यापासून सुरू होतात: काम म्हणजे ङान, साप म्हणजे ङू. वाङ्मय म्हणताना मधल्या ङ वर थांबा आणि तिथून पुढचा शब्द उचला; दोन दिवसांत जमतं. तिसरी जागा एका स्वराची. "एक" या अर्थाचा शब्द मी नुंग असा लिहिते, पण त्यातला उ ओठ गोल न करता म्हणायचा: ई म्हणताना ओठ पसरतात तसे ठेवायचे आणि आतून ऊ काढायचा. आरशासमोर करा. चौथी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत वेलांटी लिहिताना आपण काळजी घेतो, बोलताना फारशी घेत नाही. थाईत ती बोलताना घ्यावी लागते.

लिपीला घाबरू नका. व्यंजनं ४४ आहेत, त्यांतली २ आता वापरात नाहीत, आणि क्रम आपलाच आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, मग श ष स ह. दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून ख्मेर आणि ख्मेरपासून थाई, अशी तिची वाट आहे. थाई लिपीतला सर्वांत जुना समजला जाणारा रामखामहेंग राजाचा शिलालेख १२९२ सालचा मानतात. काही स्वरचिन्हं व्यंजनाच्या आधी लिहितात, म्हणून पाश्चात्य विद्यार्थी गोंधळतात. आपली पहिली वेलांटी आधीच लिहिली जाते आणि नंतर वाचली जाते, त्यामुळे आपल्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. अवघड आहे ते दुसरंच: दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत. ओळ सलग चालते आणि वाक्य किंवा वाक्यांश संपला की जागा येते. याला उपाय नाही, शब्द ओळखीचे होत गेले की ओळ आपोआप सुटी दिसायला लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्णमालेत ग, ज, द, ब च्या जागी अक्षरं आहेत, पण त्यांचा उच्चार ख, छ, थ, फ असा होतो. नगरचं नखॉन झालं, गुरूचं ख्रू, बुद्धचं फुत. मग ख साठी दोन-दोन अक्षरं कशाला ठेवली? कारण जुन्या काळचा घोष-अघोष फरक उच्चारातून गेला आणि सुरात शिल्लक राहिला. खऱ्या ख च्या अक्षराने "खा" लिहिलं तर सूर खालून वर चढतो आणि अर्थ होतो पाय. ग च्या जागच्या अक्षराने लिहिलं तर सूर सपाट राहतो आणि अर्थ होतो अडकून राहणं. म्हणजे सूर अक्षरातच बसलेला आहे. लिपी न शिकता नुसतं ऐकून बोलणारी माणसं वर्षानुवर्षं सुरांत चाचपडत राहतात, ती यामुळेच. सुराच्या हिशेबाने व्यंजनांचे उच्च, मध्यम आणि निम्न असे तीन गट पडतात. ज्यांनी या तीन गटांची अक्षरं पहिल्या दोन महिन्यांत पाठ केली त्यांना नवा शब्द वाचतानाच त्याचा सूर कळतो.

सूर पाच आहेत आणि नावं आपल्या कानाला ओळखीची वाटतील: सामान, एक, थो, त्री, चत्तवा. सरावासाठी खा हेच एक अक्षर धरा. सपाट खा वर सांगितलाच. खालच्या सुरातला खा म्हणजे आल्यासारखं दिसणारं एक मूळ, तॉम खा सूपमध्ये घालतात ते. वरून खाली येणारा खा म्हणजे शुल्क: खा फाइ विजेचं बिल, खा नाम पाण्याचं बिल. वरचा खा म्हणजे व्यापार, आणि चढता खा म्हणजे पाय. शिक्षिकेच्या आवाजात हे पाच खा फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि रोज सकाळी तिच्या मागे म्हणा. पहिले काही आठवडे यातच घालवा असं मी सगळ्यांना सांगते, आणि ज्या बायका हे मनावर घेतात त्यांचं बोलणं बाजारात पहिल्या फेरीतच समजतं.

मराठी माणसाची सुरातली चूक बहुतेकदा एकच असते. आपण विधान संपवताना आवाज खाली आणतो, प्रश्न विचारताना वर नेतो. ती सवय थाई वाक्यात शिरली की शेवटचा शब्द बदलतो. दूर म्हणजे क्लाइ आणि जवळ म्हणजेही क्लाइ: सपाट म्हटलं तर दूर, पडत्या सुरात म्हटलं तर जवळ. वाक्य संपलं म्हणून आवाज सोडून दिलात की दूरचं ठिकाण जवळ येतं. प्रश्नासाठी शेवटी माइ लावतात. त्या माइचा स्वतःचा सूर वरचा आहे, तेवढाच वर जाऊ द्या, बाकीचं वाक्य जागच्या जागी ठेवा.

संस्कृतचा उपयोग होतो का, असं हमखास विचारतात. होतो, पण कुठे ते ओळखून असा. वेला म्हणजे वेळ, आहान म्हणजे अन्न, फासा म्हणजे भाषा, रोक म्हणजे रोग, सथानी म्हणजे स्टेशन. हॉस्पिटलच्या पाट्या, अर्ज, बातम्या, शाळेच्या चिठ्ठ्या इथे हे शब्द पदोपदी भेटतात. अर्थ मात्र सरकलेले असतात: व्यायाम या शब्दापासून आलेला फयायाम म्हणजे प्रयत्न करणं, मोहो म्हणजे रागावणं, संसारपासून आलेला सोंगसान म्हणजे कीव येणं, मारयात म्हणजे शिष्टाचार. आणि मंडईत यातलं काही कामाला येत नाही. खाणं, येणं, जाणं, पाणी, भात हे सगळे एकेका अक्षराचे अस्सल थाई शब्द आहेत, ते नव्यानेच शिकावे लागतात. सुरुवातीला संस्कृतच्या आनंदात फार रमू नका. सहा महिन्यांनी वाचायला लागलात की तो आनंद पुरेपूर मिळतो.

महिन्यांची नावं मात्र पहिल्याच दिवशी येतील, कारण त्या राशी आहेत. मकराखोम जानेवारी, मीनाखोम मार्च, मेसायोन एप्रिल, सिंगहाखोम ऑगस्ट, कन्यायोन सप्टेंबर. शेवटी खोम असेल तर महिना ३१ दिवसांचा, योन असेल तर ३० चा; फेब्रुवारीचा कुम्फाफन एकटाच वेगळा. वारही आथित, चान, अंगखान असे आपलेच. वर्ष बौद्ध संवताचं असतं, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे: २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या डब्यावर नुसतं ६९ छापलेलं दिसलं तर दचकू नका. त्याच्या आधी जो शब्द असतो तो मोत आयु, म्हणजे मुदत संपण्याची तारीख.

आता खाणं, कारण शाकाहारी घराचा पहिला महिना त्यातच जातो. आहान ताम सांग म्हणजे सांगाल ते करून देणारी गाडी किंवा छोटं दुकान. प्रत्येक सोईत एखादं असतंच. साडेअकराला जा, बारा वाजता ऑफिसांची गर्दी होते आणि मग तुमचं वाक्य ऐकायला कोणाला वेळ नसतो. कढईवरच्या बाई तुमच्या आईच्या वयाच्या असतील तर हाक पा, म्हणजे मावशी; शेवटचा खा आदराचा. वाक्य असं: "पा खा, फत फक रात खाव, माइ साइ नाम प्ला, माइ साइ नाममन हॉय खा." मावशी, भाज्या परतून भातावर द्या, फिश सॉस घालू नका, ऑयस्टर सॉस घालू नका. हे दुसरं नाव विसरू नका. नुसतं "मांस नको" म्हटलं की मांस जातं, पण भाजीला चव आणण्यासाठी शिंपल्यांचा सॉस सवयीने पडतोच, आणि त्यांच्या लेखी ते मांस नसतं. बाई कढईत लसूण टाकतील आणि मान वर न करता विचारतील, "साइ खाइ माइ?" अंडं घालू का? इथे तुमचा क-ख चा सराव कामाला येतो. नको असेल तर "माइ साइ खा". चार-पाच वेळा त्याच गाडीवर गेलात की बाई तुम्हाला बघूनच बाटली बाजूला ठेवतात.

कांदा-लसूणही नको असेल, किंवा मासे-मांस काहीच चालणार नाही हे एका शब्दात सांगायचं असेल तर चे म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे चे मिळतं. त्यात अंडं आणि दूधही नसतं. अंडं-दूध चालणाऱ्या शाकाहाराला मंगसविरत म्हणतात, म्हणजे मांसविरती. तो शब्द हॉटेलांत चालतो, गाडीवर चे पटकन कळतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस चे खाण्याचा सण असतो, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या सुमारास, तेव्हा यावरातला, म्हणजे चायनाटाउनला, आवर्जून जा. डाळी, पोहे, कढीपत्ता फाहुरातला, म्हणजे इथल्या भारतीय बाजारात, मिळतात.

आकडे आल्याशिवाय बाजार नाही. नुंग, सॉंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काव, सिप. एक गोष्ट आपल्या सोयीची आहे: दहा हजाराला म्युन आणि लाखाला सॅन असे स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे घरभाडं नि पगार यांचे आकडे लाखांत विचार करणाऱ्याला पटकन बसतात. घड्याळ मात्र वेगळं आहे. संध्याकाळी सातपासून पुन्हा एकपासून मोजतात: सात म्हणजे नुंग थुम, आठ म्हणजे सॉंग थुम, अकरा म्हणजे हा थुम. रात्री एकपासून पहाटे पाचपर्यंत ती नुंग, ती सॉंग असं. दुरुस्तीवाल्याने "बाइ सॉंग" सांगितलं तर तो दुपारी दोनला येणार आहे. वेळ ठरवताना बोलून झालं की आकडा लाइनवर लिहून पाठवा; इथे सगळे निरोप त्याच ॲपवर चालतात, निती सुद्धा.

नाती जोडण्याची रीत आपल्याला जवळची वाटेल. थोड्या मोठ्या व्यक्तीला फी, धाकट्याला नॉङ, आईवडिलांहून मोठ्या बाईला पा, पुरुषाला लुंग. टॅक्सीवाला, भाजीवाली, शेजारीण, सगळ्यांना हेच. औपचारिक ठिकाणी खुन आणि पुढे पहिलं नाव. वाक्याच्या शेवटी बायकांनी खा, पुरुषांनी ख्राप म्हणायचं; विधानात बायकांचा खा खाली पडतो, प्रश्नात आणि हाकेत तो वर राहतो. नवरा तुमच्याकडून भाषा शिकायला लागला की तोही खा म्हणायला लागतो, त्याला सुरुवातीलाच थांबवा.

रोजचा सराव फुकट मिळतो तो बीटीएसमध्ये, म्हणजे शहरातल्या उन्नत रेल्वेत. प्रत्येक स्टेशनचं नाव दोन्ही लिप्यांत असतं, आणि घोषणा आधी थाईत होते: "सथानी तॉ पाइ", पुढचं स्टेशन. आसोक हा आपला अशोक आहे, तिथून वाचायला सुरुवात करा. रस्त्यावर गाड्यांच्या पाट्या वाचा: वर थाई अक्षरं आणि आकडे, खाली प्रांताचं नाव. सिग्नलला उभं राहून मुलीबरोबर हा खेळ खेळलात तर ती तुमच्याआधी ४४ अक्षरं ओळखेल. तिला वेगळा क्लास लावू नका. शाळेत थाईचे तास असतात, आणि कॉन्डोच्या खालच्या बागेत थाई मुलांबरोबर रोज तासभर सोडलंत तर सूर तिच्या तोंडात आपोआप बसतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुम्ही राहायला आलात याची नोंद घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, तो टीएम ३० फॉर्म. पुढची बरीच कामं त्याच्यावाचून अडतात, म्हणून करार करतानाच विचारा. सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्त्याची खबर द्यायची, टीएम ४७. भारतात येण्याआधी री-एंट्री परमिट घेतलं आहे ना हे पाहा, नाहीतर व्हिसाची मुदतवाढ रद्द होते. घरासाठी साधारणपणे दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं मागतात. ॲम्ब्युलन्सचा नंबर १६६९, पोलिसांचा १९१. घराचा पत्ता थाई लिपीत फोनमध्ये ठेवा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत आणि बागांत राष्ट्रगीत लागतं, तेव्हा जागीच उभं राहायचं. राजघराण्याबद्दल उणा शब्द कधीही, कुठेही नको. कायदा कडक आहे.

वेळ किती लागतो? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरती थाई यायला ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरतं. तुम्हाला एवढ्याची गरज नाही. आठवड्यात तीन तास क्लास आणि रोज तासभर स्वतःचा अभ्यास ठेवलात तर तीन-चार महिन्यांत बाजार, टॅक्सी आणि निती स्वतःच्या बळावर निभावतात, आणि पाट्या वाचता येतात. वर्षभरात शेजारणीशी गप्पा होतात. चुलालोंगकॉर्न विद्यापीठात सघन अभ्यासक्रम आहे, पण तो पूर्णवेळ मागतो. लहान मूल असताना घराजवळचा चार-पाच जणींचा सकाळचा क्लास बरा. निवडताना पहिला तास नुसता बसून पाहा. शिक्षिका तुमचा चुकलेला सूर तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करत असेल तर पैसे भरा. हसून "छान, छान" म्हणत पुढे जात असेल तर दुसरा क्लास शोधा, मग तो कितीही नावाजलेला असो.

निघायला दीड महिना आहे. तेवढ्यात मध्यम गटाची नऊ अक्षरं गिरवा, शंभरपर्यंत आकडे पाठ करा, पाच खा रोज म्हणा आणि गाडीवरचं ते वाक्य तोंडात बसवा. उरलेली अक्षरं इथे आल्यावर शिक्षिकेसमोरच घ्या, कारण त्यांच्याबरोबर सुराचे नियम येतात आणि ते एकट्याने पुस्तकातून शिकायच्या भानगडीत पडू नये.